परवडणारे घर आधी जुन्या वस्तीत शोधा

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की आमच्या इंदुरात चर्चा ठरावीक प्रश्नांभोवती फिरते: नव्या किती घरांना मंजुरी मिळाली, ती शहराच्या कोणत्या कडेला होणार, इमारत किती मजल्यांची, आणि हप्ता किती बसणार. हे प्रश्न गैरलागू नाहीत. परंतु स्थापत्य अभियंता म्हणून नोकरीत घालवलेल्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी सिमेंट व वीज खाणारे घर आजही शहराच्या पोटात उभे आहे, त्यात माणसे राहत आहेत, आणि आपण त्याच्याकडे ‘जीर्ण मकान’ एवढ्याच नजरेने पाहतो. त्या घराचे छप्पर, मोरी, वायरिंग आणि कागदपत्रे नीट करून देणे हे गृहनिर्माणाचेच काम समजले जावे, आणि ज्या नव्या इमारती बांधायच्याच आहेत त्यांचा हिशेब किल्ली हातात देण्याच्या दिवशी बंद न करता पुढच्या उन्हाळ्यांच्या वीजबिलांपर्यंत न्यावा, एवढीच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास हरकत नाही, मात्र छतांविषयीचा भाग राहू द्यावा ही विनंती.

मी ज्या घरांविषयी बोलतो आहे ती आपल्या अनेक वाचकांच्या परिचयाची असतील. रामबाग, नारायण बाग, जेल रोड, इमली बाजार, मल्हारगंज, जुनी इंदूर या भागांतील लाकडी खांब-तुळयांची, विटांच्या जाड भिंतींची, मधे लहानसा चौक असलेली घरे. आणि परदेशीपुरा, पाटणीपुरा या गिरणी भागांतील एकेका खोलीच्या ओळी. या घरांत केवळ आमच्यासारखी होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे राहतात असे नाही. मालक दुसऱ्या कॉलनीत किंवा पुण्याला गेल्यावर मागच्या खोल्यांत शिवणकाम करणाऱ्या बाया, कापड बाजारातले नोकर, पाठशाळेचे गुरुजी, डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या विधवा भगिनी, खरगोन-बडवानीकडून शिकायला आलेली मुले राहू लागली. या मंडळींना कोणत्याही योजनेची सोडत लागलेली नाही. शहराच्या मध्यभागी, कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल अशा जागी, त्यांना परवडेल अशा भाड्यात त्या खोल्या मिळाल्या आहेत. सरकारी आकडेवारीत मात्र त्यांची ‘परवडणारी घरे’ म्हणून कोठेही नोंद नाही. म्हणून अशी दहा घरे पाडून तिथे दुकानांची इमारत झाली, तर शहराने परवडणारी घरे गमावली असे कोणी म्हणत नाही. उलट त्याच वर्षी शहराबाहेर तेवढ्याच सदनिका बांधल्या तर तेवढी घरे वाढली, असे जाहीर होते.

ऊर्जेच्या दृष्टीने हा व्यवहार आणखी तोट्याचा आहे. आपण विजेची बचत म्हटले की दिवे आणि पंखे मोजतो. पण घर बांधतानाच पुष्कळ ऊर्जा खर्ची पडलेली असते. सिमेंटचा क्लिंकर सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजावा लागतो, विटा भट्टीत भाजाव्या लागतात, सळईचे पोलाद वितळवावे लागते, आणि हे सगळे ट्रकने वाहून आणावे लागते. जुन्या घराच्या भिंतीत ही ऊर्जा शंभर वर्षांपूर्वीच भरलेली आहे. ती भिंत पाडून मलबा ट्रेंचिंग ग्राउंडला, म्हणजे कचरा डेपोला, पाठवायचा आणि तितक्याच क्षेत्रफळाची नवी भिंत नव्या सिमेंटने उभी करायची, मग त्या नव्या इमारतीवर ‘हरित’ अशी पाटी लावायची, हे मला तरी पटत नाही. पाया आणि भिंती शाबूत असतील, तर छप्पर, पाणी-सांडपाण्याच्या वाहिन्या आणि वायरिंग बदलण्याला नव्या बांधकामाच्या तुलनेत फारच थोडे साहित्य लागते. लागते ते कौशल्य. ते शहरात उरलेले नाही असे म्हणायलाही जागा नाही, कारण तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी अशा आमच्या राजवाड्याचा जीर्णोद्धार नुकताच चुन्या-लाकडाच्या जुन्या पद्धतीने झाला आहे. तिथे काम केलेल्या सुतार-गवंड्यांना राजवाड्याच्या मागच्या गल्लीत बोलावण्याची सोय मात्र अजून कोणी केलेली नाही.

मग ही घरे दुरुस्त का होत नाहीत? लोकांना आवड नाही म्हणून, हे उत्तर सोपे पण खोटे आहे. पहिले कारण कायद्याचे. मध्य प्रदेशचा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे भाडे नियंत्रणाचा कायदा, १९६१ चा आहे. त्याच्या छायेतील जुन्या भाडेकरूंकडून येणाऱ्या भाड्यात मालकाला कौलांचाही खर्च निघत नाही, आणि भाडेकरूने स्वतः खर्च केला तर उद्या तो वसूल होईल याची त्याला खात्री नसते. दोघेही वाट पाहतात, आणि दरम्यान वासे कुजतात. दुसरे कारण वारसांचे: सातबाऱ्यासारखा एकच निश्चित कागद शहरी घराला नसल्याने आजोबांच्या नावावरील घरात आज नऊ-दहा हिस्सेदार निघतात, त्यातले दोघे परदेशी असतात, आणि बँक अशा घराच्या दुरुस्तीला कर्ज देत नाही. तिसरे कारण गेल्या दहा वर्षांत वाढले आहे, ते म्हणजे रस्ता रुंदीकरणाची धास्ती. इंदूर २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले आणि राजवाड्याभोवतीच्या जुन्या भागाचे काम हाती घेतले गेले. रस्ते रुंद झाले, सांडपाण्याच्या वाहिन्या बदलल्या, विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली गेल्या. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या घराची पुढची खोली आणि ओटा रस्त्यात गेला, त्याच्या मधल्या खोलीची आतली भिंत आता पश्चिमेच्या उन्हाला उघडी पडली आहे. ती भिंत उन्हासाठी बांधलेलीच नव्हती. आपल्या दारावर लाल खूण उद्या लागेल की परवा, हे माहीत नसलेला मालक छपरावर पन्नास हजार कशाला घालील? सुधारणेची रेषा एकदा जाहीर करून पुढची वीस वर्षे तिला हात लावणार नाही, असे लेखी आश्वासन नगर निगमाने दिले तर एक पैसाही खर्च न करता कितीतरी घरे आपोआप दुरुस्त होतील, असे मला वाटते.

हा विचार काही नवा नाही, आणि तो बाहेरून आयात करावा लागणारही नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आला होता आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर झाला. प्लेगाने त्रासलेल्या या शहरात त्याने सरसकट पाडापाडीला विरोध केला. आधी मोहल्ला पायी फिरून पाहा, जे घर खरोखर निकामी आहे तेवढेच काढा, त्या मोकळ्या जागेत हवा आणि झाडे येऊ द्या, विहीर साफ करा, बाकीची घरे दुरुस्त करा, असा त्याचा आग्रह होता. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्याच रस्त्यांवरून नेण्याची त्याची युक्ती तर शहराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरने कचऱ्याच्या बाबतीत घराघराला सामील करून घेण्याचा त्याचा मार्ग, कळत असो वा नकळत, पुरता आत्मसात केला. घरांच्या बाबतीत तो तसाच कपाटात राहिला.

दुसरा धडा अगदी अलीकडचा आणि आमच्याच विकास प्राधिकरणाचा. ए. बी. रोडजवळची अरण्य वसाहत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ऐंशीच्या दशकात आखली. पुण्यात जन्मलेल्या दोशींना पुढे २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर सन्मान मिळाला; अरण्यला त्याआधीच, १९९५ मध्ये, आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला होता. सुमारे ८६ हेक्टर जागेत साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यातले बहुसंख्य दुर्बल उत्पन्न गटासाठी, आणि सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. दुर्बल गटाच्या कुटुंबाला तयार सदनिका दिली नाही. जोते, नळ-शौचालयाची सोय आणि एखादी खोली दिली, आणि बाकीचे घर कुटुंबाने आपल्या कमाईप्रमाणे वाढवायचे, असा बेत होता. घर कसे वाढू शकते हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली गेली. घरे एकमेकांना खेटून, सामायिक भिंतींची. म्हणजे ऊन खाणाऱ्या भिंती कमी. गल्ल्या अरुंद, म्हणजे सावली जास्त. पुढे ओटा आणि वर गच्ची, म्हणजे मे महिन्याच्या रात्री झोपायला पंख्याविना जागा. त्या काळी कोणी याला ‘ऊर्जा-कार्यक्षम’ म्हणत नव्हते. माळव्यात घर असेच बांधतात, एवढेच म्हटले जात होते. अरण्यात सगळे आलबेल झाले असा माझा दावा नाही. जागेचा भाव वाढल्यावर अनेक मूळ धारकांनी भूखंड विकले आणि मध्यमवर्गीय बंगले उभे राहिले. पण हा दोष घराच्या आराखड्याचा नसून विक्रीवर नजर न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आराखडा सोडून देण्याऐवजी ती व्यवस्था सुधारायला हवी होती. आपण नेमके उलटे केले.

तिसरे उदाहरण बस्त्यांचे, म्हणजे झोपडवस्त्यांचे. १९८९ नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश मदतीने आणि अभियंता हिमांशू परीख यांच्या कल्पनेने इंदूरच्या बस्त्या एकमेकींना व शहराला सांडपाण्याच्या वाहिन्यांनी जोडण्याचा प्रकल्प झाला. बहुतेक बस्त्या नाल्यांच्या काठी, म्हणजे जमिनीचा उतार जिथे जातो तिथेच असतात. तेव्हा त्या जोडल्या की साऱ्या शहराची मुख्य वाहिनी आपोआप उतारावर सापडते आणि पंपांची गरज कमी होते, हे त्यामागचे साधे पण बुद्धिमान गणित. रस्ते आजूबाजूच्या घरांपेक्षा खाली घेऊन पावसाचे पाणी रस्त्यावरूनच वाहून नेले गेले. या कामालाही १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. पण पुढे देखभालीचा पैसा आणि माणूस दोन्ही नाहीत अशी अवस्था आली, अनेक घरांची शौचालये मुख्य वाहिनीला जोडलीच गेली नाहीत, चेंबर तुंबले, आणि कान्ह व सरस्वती या शहरातील नद्या पुन्हा नाल्यांसारख्या वाहू लागल्या. ते निस्तरण्याचे काम पुढच्या पिढीला नाला-टॅपिंगच्या, म्हणजे नाल्यांत पडणारे सांडपाणी अडवून वाहिन्यांत वळवण्याच्या, रूपाने करावे लागले. पुरस्काराच्या दिवशी जे छायाचित्र काढले जाते त्याच्या दहा वर्षांनंतरचे छायाचित्र कोणी मागत नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

याच बस्त्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये शहरातील भूमिहीनांना ते राहत असलेल्या जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, देण्याचा कायदा केला. पट्टा हाती आल्यावर त्या कुटुंबांनी काय केले ते कोणत्याही जुन्या बस्तीत फिरून पाहावे: पन्नी (प्लास्टिकचा कागद) गेली, विटा आल्या, मग पत्रा गेला, स्लॅब आला, मग वर एक खोली चढली. सरकारी कंत्राटदार नाही, सोडत नाही, उद्घाटन नाही. उद्या आपल्याला कोणी उठवणार नाही एवढा भरवसा मिळाला की गरीब माणूस स्वतःच्या घरात पैसा घालतो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतही स्वतःच्या जागेवर घर बांधण्या-वाढवण्यासाठी मदतीचा भाग होता. पण त्यासाठी जागेचा स्वच्छ कागद लागतो आणि नुसत्या दुरुस्तीला त्यात स्थान नाही. म्हणजे ज्याचे चारच वासे बदलायचे आहेत त्याला मदत नाही, आणि त्याच कुटुंबाने घर सोडून सदनिकेसाठी अर्ज केला तर लाखांची मदत आहे.

आता या सदनिकांविषयी, ज्यांना इंदुरात आम्ही सगळे ‘मल्टी’ म्हणतो. मल्टी नकोतच असे माझे म्हणणे नाही. शहर वाढते आहे आणि सगळ्यांना चौकाचे घर मिळणार नाही. माझी तक्रार त्यांच्या सर्वांत वरच्या मजल्याविषयी आहे. अशा एका इमारतीत मे महिन्यात दुपारी गेलो असता एका गृहिणीने मला सांगितले, “काका, पंखा लावला की वरची गरम हवाच खाली येते; मुलांना मी जिन्यात बसवते.” ही अतिशयोक्ती नव्हे. चार-पाच इंचांचा उघडा काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठ वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडतो. नेमक्या त्याच वेळी बाहेरची हवा निवत असते. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकलेला पारा पहाटेपर्यंत पंचविशीच्या आसपास उतरतो. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर ही थंड हवा फुकट मिळते. जुनी घरे याच हिशेबावर चालत असत. मल्टीतल्या बहुतेक घरांना खिडक्या एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला अंधारी बोळवजा मार्गिका, आणि खिडकीवर छज्जा असला तर नावापुरता. हवा आत आली तरी बाहेर पडायला तिला वाट नाही.

याचा पैशांतला अर्थ मांडून दाखवतो. एका कुटुंबाकडे दोन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे असून ते दिवसाला १५ तास चालतात असे धरले, तर महिन्याला सुमारे ६७ युनिट झाले. १८० वॅटचा कूलर १२ तास चालवला तर ६५ युनिट. फ्रिजचे २५ आणि दिवे, टीव्ही, मोबाइल मिळून १५ धरले, तर एकूण १७२. आमच्या राज्यात महिन्याला १५० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच द्यावे लागतात, पण ही मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली. म्हणजे ज्या महिन्यात गरीब कुटुंबाला सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात तापलेल्या छतामुळे ती हातची जाते. त्याच घरात ३० वॅटचे, ज्यांना बाजारात बीएलडीसी म्हणतात ते, दोन पंखे असते तर पंख्यांचा वापर ६७ ऐवजी २७ युनिट झाला असता आणि एकूण आकडा १३२ वर आला असता. अशा पंख्याची किंमत साध्या पंख्यापेक्षा हजार-दीड हजाराने जास्त असते. लाखो रुपयांच्या सदनिकेबरोबर असे दोन पंखे बसवून दिले, तर बांधकामाच्या खर्चात तो फरक शोधूनही सापडणार नाही.

छताचा उपाय त्याहूनही जुना आहे. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. छतातून आत येणारी उष्णता प्रति चौरस मीटर, प्रति अंश फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त नसावी, असे तिचे म्हणणे आहे. उघड्या स्लॅबमधून याच्या अडीच-तीन पट येते. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे, म्हणजे मल्टी आकाराने तिच्यात बसतात. पण राज्याने आणि शहराने आपल्या नियमांत ती सक्तीची करून प्रत्यक्ष तपासली तरच तिला अर्थ. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवण्याची पद्धत बडोदा-अहमदाबादकडे घरोघरी आहे आणि आपल्याकडच्या गवंड्यांनाही ती येते. तेवढेही परवडत नसेल तर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा थर द्यावा. अशा थराने खोलीतील तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरल्याचे अनुभव नोंदलेले आहेत, आणि अहमदाबादने २०१३ पासून राबवलेल्या उष्णता कृती आराखड्यात पुढे अशा छतांचा समावेश केला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच केले. पांढरा थर धुळीने काळवंडतो आणि पावसात चुना धुऊन जातो, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून तो दरवर्षी होळी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान पुन्हा द्यावा लागेल. पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची सवय आपल्या आजोबांना होती. त्यापेक्षा हे काम कठीण नाही.

शाकारण्यावरून जुन्या घरांकडे पुन्हा येतो, कारण तिथे गेल्या पंचवीस वर्षांत एक चूक सर्रास झाली आहे. कवेलू मिळेनासे झाले, फेरणारे कारागीर गेले, माकडांनी उच्छाद मांडला, म्हणून लोकांनी कौले उतरवून पत्रे घातले. पत्रा हा छपरांतला सर्वांत वाईट प्रकार आहे. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जात असे, पत्र्याखाली ती कोंडते, आणि पत्रा तापायला सकाळचे दहाही वाजावे लागत नाहीत. इथे पत्र्यावर परावर्तक रंग आणि पत्र्याखाली बांबूचट्टीचा किंवा तत्सम छत-आडोशाचा दुसरा थर, मधे हवेला वाट, एवढे केले तरी खोली राहण्याजोगी होते. हे काम मोहल्ल्यातला सुतार दोन दिवसांत करतो. त्यासाठी निविदा नको. हवे आहे ते थोडे बिनव्याजी कर्ज किंवा मालमत्ता करात दुरुस्तीच्या पावतीवर मिळणारी सूट.

पाण्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण इंदुरात पाणी म्हणजेच वीज आहे. नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूदहून पाचशे मीटरहून अधिक उंची चढवून आणावे लागते. त्याच्या विजेचा भार हलका करण्यासाठी नगर निगमाने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदला ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला आणि सामान्य नागरिकांनी तो भरभरून दिला. स्तुत्यच. पण चढवून आणलेले तेच पाणी जुन्या मोहल्ल्यातल्या गळक्या जोडण्यांतून झिरपते किंवा मल्टीच्या टाकीतून रात्रभर ओसंडत राहते, तेव्हा सौर पटलांनी कमावलेले मोरीतून जाते. वस्ती सुधारताना नळजोडण्या बदलणे हा पाणीपुरवठ्याचा तसाच ऊर्जा बचतीचाही कार्यक्रम आहे, आणि रोख्यांचा पुढचा टप्पा निघालाच तर त्यातील काही हिस्सा या कामासाठी राखून ठेवता येईल.

तंत्रज्ञानाने हे सगळे सुटेल, असे मानणाऱ्यांसाठी कनाडिया भागातील लाइट हाउस या नव्या बांधकाम तंत्राच्या गृहप्रकल्पाचे उदाहरण पुरेसे आहे. १ जानेवारी २०२१ रोजी देशातील सहा शहरांत एकाच वेळी ज्यांची पायाभरणी झाली त्यांपैकी हा एक. १०२४ घरे, आणि भिंती विटांच्या नसून दोन सिमेंट-तंतूंच्या फळ्यांमध्ये थर्माकोलच्या मण्यांचे हलके काँक्रीट भरलेल्या तयार पॅनेलच्या. उष्णता अडवायला ही भिंत चांगली आहे. पुढच्या प्रकल्पांत तिचा उपयोग व्हावा. परंतु अशा भिंतीला ड्रिल कसे मारायचे, ओल आल्यास काय करायचे हे तिथल्या रहिवाशांना आणि आसपासच्या प्लंबरांना शिकवल्याशिवाय तिचे आयुष्य कळणार नाही, आणि लिफ्ट व पंपाचे बिल रहिवासी संघाला पेलले नाही तर उत्तम भिंतीच्या आठव्या मजल्यावरही माणूस जिना चढूनच जाणार. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी छतावरील सौर विजेच्या पीएम सूर्यघर योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपासाठी गच्चीवर सौर पटले बसवूनच मल्टी ताब्यात दिली, तर गच्चीला सावली आणि संघाला वीज अशी दोन्ही कामे एका खर्चात होतात.

शेवटचा मुद्दा हुकुमचंद मिलच्या जागेचा. १९९१ मध्ये गिरणी बंद पडली. कामगारांच्या थकीत रकमेपोटी २२४ कोटी रुपये देण्याचा सोहळा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बेचाळीस एकरांची ही जमीन आता गृहनिर्माण मंडळाकडे आहे आणि तिच्यावर झाडांचे जंगल वाढले आहे. तिथे काय व्हावे यावर शहरात वाद आहे. झाडे जास्तीत जास्त राखावीत, याच्याशी मी सहमत आहे. पण जेवढे बांधकाम होईलच, त्यात भाड्याने देण्याच्या लहान घरांचा ठोस वाटा असावा, आणि ती घरे प्रथम शेजारच्या परदेशीपुरा-पाटणीपुऱ्यातील अशा कुटुंबांना तात्पुरती द्यावीत ज्यांच्या खोल्या दुरुस्त होत आहेत. घर दुरुस्त करायचे तर सहा महिने राहायचे कुठे, या एका अडचणीमुळे किती चांगली कामे अडतात हे मी नोकरीत पाहिले आहे. जवळच तात्पुरते घर मिळाले तर मुलांची शाळा सुटत नाही, बायकांची धुण्याभांड्यांची कामे सुटत नाहीत, आणि दुरुस्तीनंतर कुटुंब आपल्या जागी परतते.

नगर निगमाचा अर्थसंकल्प दरवर्षी नव्या आर्थिक वर्षाच्या सुमारास सादर होतो. यंदा त्यात एका वॉर्डापुरती तरी दुरुस्ती निधीची तरतूद व्हावी, मालक-भाडेकरू दोघांच्या सह्यांनी तो निधी मिळावा, रुंदीकरणाची रेषा त्या वॉर्डात आधी पक्की करून नकाशा झोन कार्यालयात लावावा, आणि ताबा दिलेल्या प्रत्येक मल्टीच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा थर द्यावा, अशी माझी विनंती आहे. प्रयोगासाठी रामबाग किंवा पाटणीपुरा, दोन्हीपैकी कोणताही भाग चालेल. आपल्या दैनिकाच्या वार्ताहराने मे महिन्यात एखाद्या मल्टीच्या वरच्या व मधल्या मजल्यावरील घरांत साधा तापमापक ठेवून सलग काही दिवसांच्या नोंदी छापल्या, तर अर्थसंकल्पावरील चर्चेला आधार मिळेल. हे काम करण्यास आमच्या भागातील दोघे-तिघे निवृत्त अभियंते विनामोबदला तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
रामबाग, इंदूर